चैत्रातली आशा : बारामती-इंदापूरच्या मुलखातील ईस्टर

ईस्टरविषयीचे पाश्चात्त्य वाङ्मय वाचताना मराठी वाचकाला एक अडचण हमखास जाणवते. त्या वाङ्मयात पुनरुत्थान आणि वसंत ही जोडी अभेद्य मानलेली असते. बर्फ वितळतो, उघड्या फांद्यांना कोंब फुटतात, गाडलेला दाणा उगवतो आणि त्याच आठवड्यात रिकाम्या कबरीची वार्ता येते. निसर्गच जणू प्रवचनकाराच्या मदतीला धावतो. ही सोय भीमा-नीरेच्या दुआबात नाही. वसंत विषुवानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. आपल्या पंचांगाने तो बहुधा चैत्राच्या आसपास पडतो. चैत्रात इंदापूरच्या माळावर काय उगवते? विहिरी तळ गाठतात, जनावरांच्या बरगड्या मोजता येतात, आणि जिरायत पट्ट्यातली माणसे टँकरची वाट पाहू लागतात. याच दिवसांत कावडी खांद्यावर घेऊन लोक शिखर शिंगणापूरचा घाट चढतात. वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत शंभू महादेवाला पाणी वाहायला जातात. इथला चैत्र पाण्याच्या अभावाचा महिना आहे, आणि पाण्याच्या स्मरणाचाही.

प्रश्न असा, की अशा प्रदेशात ज्यांनी ईस्टरचा सण पाळला, त्यांनी त्यातली आशा कशाच्या आधारावर धरली? निसर्ग साक्ष द्यायला तयार नसताना, आणि पुष्कळदा तर उलट साक्ष देत असताना? या प्रश्नाचा माग बारामती, इंदापूर आणि जुन्या भीमथडी तालुक्याच्या इतिहासातून काढण्याचा आमचा हा प्रयत्न आहे. ग्रंथालयांत या भागाची नोंद प्रामुख्याने दोन कारणांनी सापडते. एक, १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी रयतवारी मोजणीची नवी पद्धत प्रथम इंदापूर तालुक्यात बसवली. दुसरे, बारामतीत मोरोपंत राहत होते. आमच्या विषयाला ही दुसरी नोंद जवळची आहे, कारण अडचण केवळ हवामानाची नाही, शब्दाचीही आहे.

मराठी बायबलाच्या वाचकाला 'विश्वास, आशा, प्रीती' ही त्रयी परिचित आहे. पण 'आशा' हा शब्द मिशनऱ्यांच्या हाती आला तेव्हा तो कोरा नव्हता. आपल्या संतपरंपरेत आणि त्याआधीच्या संस्कृत वैराग्यवाङ्मयात आशा हा पाश आहे. ती तोडायची असते, तिच्या मागे धावणारा फसतो, ती सुटली की माणूस सुखी होतो. बोलभाषेतही 'आशेला लावणे' म्हणजे झुलवणे. ज्या शब्दाभोवती शतकानुशतके सावधगिरीचा इशारा गुंडाळलेला होता, तोच शब्द उचलून त्याला तीन टिकाऊ गोष्टींत बसवणे हे भाषांतर म्हणून धाडसाचेच होते. 'भरवसा' हा दुसरा शब्द उपलब्ध होता. तो अधिक खेडवळ आणि आमच्या मते अधिक भक्कम. परंतु रूढ झाली ती आशाच. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणूस 'आशा' म्हणतो तेव्हा त्या शब्दात दोन आवाज एकमेकांवर आदळत असतात, हे मराठी ख्रिस्ती साहित्य शिकवताना क्वचितच सांगितले जाते.

मोरोपंतांचे उदाहरण इथे उपयोगी पडते. 'केकावली' हे नावच पाहा. केका म्हणजे मोराचा टाहो. मेघ पाहून, किंवा मेघ दिसावा म्हणून, केलेला. पृथ्वी वृत्तातली ही दीर्घ याचना कऱ्हेकाठी राहिलेल्या कवीची आहे. आपण कशास पात्र आहोत याचा दावा तीत नाही, केवळ हाक आहे. आणि हाक मारणाऱ्याने ऐकणाऱ्याचे अस्तित्व गृहीत धरलेले असते. वैराग्याची भाषा आशा सोडायला सांगते, भक्तीची भाषा तिला हाकेचे रूप देते. ख्रिस्ती 'आशा' मराठीत रुजली असेल तर ती या दुसऱ्या वाफ्यात, असे आम्हांस वाटते. (मोरोपंत गेले ते १५ एप्रिल १७९४ रोजी, चैत्री पौर्णिमेला. त्या वर्षीचा ईस्टर २० एप्रिलला होता. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. दोन पंचांगे एकाच चंद्राकडे पाहतात, इतकेच.)

आता इतिहासाकडे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनने एकोणिसाव्या शतकात इंदापुरात ठाणे केले होते, आणि पुण्याबरोबर इंदापूरचे नाव त्या मिशनच्या कामात जोडलेले राहिले. तरीही या मुलखातल्या ख्रिस्ती आशेचा विचार मिशनच्या ठाण्यापासून नव्हे, दुष्काळापासूनच सुरू करावा लागतो. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनच्या पूर्वेकडच्या तालुक्यांनी पुरेपूर भोगला. नीरा डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली ती दुष्काळी काम म्हणून. त्यातून पाणी खेळू लागले ते १८८५ मध्ये. खोदणाऱ्यांच्या हयातीत ते पाणी किती जणांच्या शेताला लागले असेल, हा हिशेब कुणी मांडलेला नाही. १८७७ च्या आरंभी सरकारने दुष्काळी मजुरीत कपात केली, तेव्हा दख्खनच्या कामांवरील मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांच्या वतीने दाद मागितली. त्या वर्षीचा ईस्टर १ एप्रिलला होता.

मिशनांपुढे या काळात जो पेच उभा राहिला तो आजही मिटलेला नाही. भुकेला माणूस धान्य वाटणाऱ्याच्या धर्मात आला, तर ते धर्मांतर म्हणायचे की भूक? 'पोटासाठी बाटले' हे वाक्य महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ फिरते आहे. ते बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी उपाशी माणसाला आधी स्वतः काही दिले असेल, हे खरे. पण एवढ्याने प्रश्न निकालात निघत नाही. आशेच्या बदल्यात काही मागितले जात असेल, तर तो सौदा होतो. खुद्द मिशनऱ्यांना याची जाणीव होती. तेलुगू प्रदेशात ओंगोल येथे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे जॉन क्लफ यांनी दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचे कंत्राट घेतले, हजारोंना मजुरी दिली, आणि दुष्काळी मदत चालू असेपर्यंत कुणाचाही बाप्तिस्मा करायचे नाकारले. मदत थांबल्यावर लोक आलेच. ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. हा आकडा चर्चच्या इतिहासांतून विजयाच्या सुरात सांगितला जातो. आम्हांस मात्र त्याआधीचे थांबणे अधिक मोलाचे वाटते. धान्य आणि धर्म यांच्यामध्ये जाणीवपूर्वक ठेवलेले ते अंतर होते.

या पेचाचे सर्वांत गुंतागुंतीचे रूप बारामतीच्या जवळच, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात, केडगावला पाहावयास मिळते. पंडिता रमाबाईंचे चरित्र सर्वांना माहीत असते, पण त्यातला एक धागा बहुतेकदा हातून निसटतो. स्वतः रमाबाई दुष्काळातून वाचलेल्या होत्या. अनंतशास्त्री डोंगरे यांचे पुराणिक कुटुंब दक्षिणेत तीर्थाटन करीत असताना उपासमारीत सापडले. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात आणि देवकार्यात गेले, चमत्काराची वाट पाहण्यात दिवस गेले, आणि अखेरीस वृद्ध, अंध झालेल्या शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा निश्चय केला. त्या निश्चयापासून त्यांना परावृत्त केले ते मुलाच्या एका वाक्याने. मी मोलमजुरी करून सर्वांना पोसतो, असे तो म्हणाला. ब्राह्मण पुराणिकाच्या मुलाने मजुरीचे नाव काढणे हा त्या घरातला केवढा भूकंप असेल याची कल्पना करावी. उपयोग झाला नाही. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. पुढे १८९७ मध्ये रमाबाईंनी हे सारे लिहून काढले. त्या वर्षी मध्य प्रांतातला दुष्काळ त्या स्वतः पाहून आल्या होत्या आणि मुलींना उचलून घेऊन आल्या होत्या.

रमाबाईंच्या आशेचे स्वरूप या प्रसंगातून उलगडते असे आम्ही मानतो. चमत्काराची निष्क्रिय प्रतीक्षा त्यांनी घरातच पाहिली होती आणि तिची किंमत तीन मृत्यूंनी मोजली होती. संतांनी ज्या आशेला पाश म्हटले ती हीच. तिच्या जागी त्यांच्या मनात जी आशा आली ती त्या भावाच्या वाक्याच्या जातीची होती, उठून कामाला लागणारी. म्हणून दुष्काळग्रस्त मुलींसाठी त्यांनी प्रार्थनेबरोबरच विहिरी, फळबाग, हातमाग आणि छापखाना उभा केला. प्रार्थना कमी होती असे नव्हे. मुक्तीत ती अहोरात्र चालत असे, आणि १९०५ च्या जूनअखेरीस तिथे जी धार्मिक जागृती झाली तिचे पडसाद परदेशांतही उमटले. पण शेणामातीचे काम त्या प्रार्थनेचाच भाग होता.

१८९७ चा ईस्टर १८ एप्रिलला आला. पुण्यात प्लेगचा कहर होता, रँडच्या अधिकाराखाली घरझडत्या चालू होत्या. मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे शहरात ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर हलवण्यात आले. इमारती नव्हत्या, छपरे आणि झोपड्या होत्या. सुमारे तीनशे मुलींचा हा जमाव, त्यांतल्या कित्येक हाडांचे सापळे झालेल्या, भीमथडीच्या उन्हात. तिथे वसंताच्या भाषेतला ईस्टर कोण सांगणार होते?

या ठिकाणी मूळ संहितेकडे वळणे भाग आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांना त्यात विशेष रस वाटावा. चार शुभवर्तमानांपैकी मार्काचे सर्वांत जुने मानले जाते. चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी संपते. तीन स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे कबरीकडे येतात. त्या आशेने आलेल्या नाहीत. मेलेल्याची राहिलेली सेवा उरकायला आल्या आहेत. वाटेत त्यांना चिंता आहे ती दगड कोण सरकवील याची. कबर रिकामी दिसते, निरोप मिळतो, आणि त्या भयाने पळून जातात. कुणालाही काही सांगत नाहीत. संपले. पुढचे दर्शनांचे वृत्तांत नंतर जोडले गेले असावेत असे बहुतेक संहिता-अभ्यासक मानतात. इतक्या तुटक, भेदरलेल्या शेवटाने धर्मग्रंथ संपावा हे पुढच्या लेखनिकांना सहन झाले नाही, यात नवल नाही. पण दुष्काळी प्रदेशात वाचावा असा शेवट हाच आहे. त्यात कोंब नाही, फूल नाही. आहेत त्या ओझे वाहणाऱ्या बायका, एक अवजड धोंडा, आणि समजण्यापलीकडची बातमी. केडगावच्या मुलींना हे चित्र परके वाटले असेल असे आम्हांस वाटत नाही.

मराठी ख्रिस्ती काव्यातही कबरीपर्यंत पोहोचली ती एक स्त्रीच, हे जाता जाता नोंदवतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभले आणि ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. पुढचे काम लक्ष्मीबाईंनी केले. म्हणजे क्रूस आणि रिकामी कबर या काव्यात लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. नवरा गेल्यावर पुनरुत्थान लिहायला बसणे हे 'स्मृतिचित्रे'च्या लेखिकेने कसे पेलले असेल, या प्रश्नाकडे समीक्षेने अजून लक्ष दिलेले नाही. 'स्मृतिचित्रे'च्या प्रभेत 'ख्रिस्तायन' झाकोळले गेले, हा अन्याय म्हणावा इतका मोठा आहे.

बारामतीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाचे मिशन आले. ऑस्ट्रेलियात ईस्टर शरद ऋतूत येतो. ज्यांच्या घरी या सणाला पाने गळतात, अशी ही माणसे युरोपीय वसंताच्या रूपकाला पोरकी होऊनच बारामतीच्या चैत्रात उतरली होती. त्यांच्या प्रवचनांत याचा काही परिणाम दिसतो का, हे कुणी शोधनिबंधासाठी तपासावे.

या मिशनचे बारामतीतले काम मात्र सरळ कौतुक करावे असे नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली मुंबई इलाख्यात ज्या वसाहती निघाल्या त्यांत बारामतीची एक होती, आणि ती चालवण्याची जबाबदारी या मिशनकडे आली. इलाख्यातल्या अशा अनेक वसाहती मिशनांच्याच हाती होत्या. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून हद्द ओलांडता येत नसे. त्या हद्दीतच शाळा होती, काम होते, उपासना होती. ज्या सणाचा सारा अर्थ मोहोर लावलेली, पहारा बसवलेली कबर उघडली यात आहे, तो सण पहाऱ्यातल्या माणसांना सांगायचा आणि पहारा देणाऱ्यांत आपणही असायचे, ही विसंगती लहान नाही. शिक्षण मिळाले, हाताला उद्योग मिळाला, पोलिसी छळापेक्षा मिशनचा कारभार बरा होता, अशी बाजू मांडता येईल आणि तीत तथ्य असेल. तरी तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले, आणि तो रद्द केला स्वतंत्र भारताच्या सरकारने. आशेला संस्थेचे रूप मिळाले की तिच्या हाती किल्ल्याही येतात, हे ओंगोल किंवा केडगावच्या कहाण्या सांगताना विसरले जाते. मुक्तीतल्या मुलींनाही बाप्तिस्म्याबाबत कितपत निवड होती, हा प्रश्न रमाबाईंविषयी पूर्ण आदर ठेवून विचारता येतो आणि विचारायला हवा.

क्लफ यांनी राखलेले धान्य आणि धर्म यांतले अंतर बारामतीच्या परिसरात पूर्णपणे पाळले गेलेले दिसते ते फार उशिरा, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. सतत पाऊस हुकत होता. प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसच्या 'कासा' या मदतसंस्थेकडून धान्य आणि खाद्यतेल येत होते. ते नुसते वाटण्याऐवजी कामाच्या मोबदल्यात द्यावे आणि त्यातून पाझर तलाव बांधून घ्यावेत, अशी योजना आकारास आली. १९६७ मध्ये बारामतीतून विधानसभेवर निवडून आलेले तरुण आमदार शरद पवार या कामात पुढे होते, आणि त्यातूनच १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. राज्याची रोजगार हमी योजना त्यानंतर, १९७२ च्या दुष्काळातली. चर्चकडून आलेल्या गव्हाच्या बदल्यात हिंदू, मुसलमान, बौद्ध अशा सर्वांनी माती उपसली, आणि कुणाला कसली कबुली द्यावी लागली नाही.

पाझर तलाव ही काही प्रेक्षणीय गोष्ट नव्हे. त्याला दारे नसतात, कालवा नसतो. पावसाचे पाणी बांधाआड अडते आणि मुकाट्याने जमिनीत मुरते. उन्हाळ्यात तर तलाव कोरडा ठणठणीत दिसतो; पाहणाऱ्याला वाटावे की श्रम वाया गेले. खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढते तेव्हा ते त्या तलावाचे आहे हे डोळ्यांनी दाखवता येत नाही. तिसऱ्या दिवशी नव्हे, कधी कधी तिसऱ्या पावसाळ्यात ते कळते. ईस्टरच्या आशेसाठी या मुलखाने एखादे रूपक द्यायचेच ठरवले, तर ते युरोपच्या लिलीऐवजी हे असावे. मराठी उपदेशकांनी ते अजून फारसे उचललेले नाही. ते अजूनही वसंतातच अडकलेले आहेत.

दुसरे एक दृश्य रूपक म्हणून मोहात पाडणारे आहे, पण ते फसवे आहे. उजनी धरणाच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने मंदिर बुडाले. पाणी खूप खाली गेले की ते शिखरापासून पायथ्यापर्यंत वर येते, लोक पाहायला जमतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. बुडालेले पुन्हा उभे राहिले, असा मथळा देणे सोपे आहे. परंतु ज्या वर्षी मंदिर पूर्ण उघडे पडते ते वर्ष धरणाखालच्या आणि वरच्या शेतकऱ्यांसाठी भयंकर असते. वर येणारी प्रत्येक गोष्ट पुनरुत्थान नसते.

२०२० चा ईस्टर १२ एप्रिलला होता. देशव्यापी टाळेबंदी सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. बारामतीत रुग्ण सापडल्यावर 'भिलवाडा पॅटर्न' लागू झाला. शहर बंदिस्त झाले. प्रार्थनामंदिरांना कुलपे होती. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि ईस्टर घराघरांत, मोबाइलच्या पडद्यावर पार पडले. योहानाच्या शुभवर्तमानात ईस्टरच्या संध्याकाळी शिष्य भीतीने दारे लावून आत बसलेले आहेत. दोन हजार वर्षांत हा तपशील इतका शब्दशः लागू पडण्याचे प्रसंग फार थोडे आले असतील. त्याच आठवड्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात गाळप संपूनही हजारो ऊसतोड कामगार अडकून पडले होते. पाचटाच्या कोप्या, चैत्राचे ऊन, संपत आलेला शिधा. काहींनी रात्री पायी निघण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना वाटेत अडवण्यात आले. जिल्हाबंदी ओलांडून गावी परतण्याची परवानगी राज्य सरकारने त्यांना दिली ती १७ एप्रिलला, ईस्टरनंतरच्या शुक्रवारी.